पिशवीतले दोन दगड

मिशनरी, शिक्षक, वैद्य व परिचारिका यांची जीवनचरित्रे आपण आपल्या मासिकांतून आवडीने वाचत आलो आहोत. व्यापाऱ्याचे चरित्र मात्र क्वचितच वाचनात येते. आलेच, तर त्याने मंदिराच्या इमारतीला किती साहाय्य केले, वसतिगृहाला किती धान्य पुरविले, एवढेच त्यात सांगितलेले असते. गल्ल्यावर बसला असताना तो कसा वागत होता, हे कोणी लिहीत नाही. जणू त्याचे ख्रिस्ती जीवन दुकान बंद झाल्यावरच सुरू होत असे!

पवित्र शास्त्राची दृष्टी अशी नाही. अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात नियमशास्त्र थेट व्यापाऱ्याच्या पिशवीत डोकावून पाहते. त्या काळी वजने दगडाची असत व व्यापारी ती पिशवीत बाळगीत. एकाच पिशवीत एक लहान व एक मोठा असे दोन दगड ठेवू नयेत, असा तेथे निर्बंध आहे. मोठा दगड माल घेताना काढायचा आणि लहान दगड माल देताना, ही त्यातली युक्ती. आपण मराठीत जिला ‘मापात पाप’ म्हणतो तीच ही गोष्ट. जो दगड बाळगावा असे शास्त्र सांगते त्याला मूळ इब्री भाषेत ‘शलेमा’ हे विशेषण आहे. ‘शालोम’ म्हणजे शांती, हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. आपण त्याचे भाषांतर ‘खरे वजन’ असे केले तर अर्थ कळतो. परंतु जे अखंड आहे, ज्यात काही उणे नाही, जे सर्वांसाठी एकच आहे, अशी मुळातली छटा त्यात पुरतेपणी उतरत नाही.

आज ती पिशवी कोणाच्या कमरेला आहे? हा प्रश्न पारखून पाहण्यासाठी मी अमेरिकेतील लहान गावातल्या मोटारविक्रेत्याचे उदाहरण घेतो. ते घेण्यास कारण आहे. त्या देशातील खेडेगावांत मोटारीवाचून कामावर, शाळेत वा दवाखान्यात जाणे बहुधा अशक्य असते. घराच्या खालोखाल मोठा खर्च मोटारीचाच. आणि ती विकणारा मनुष्य गावातलाच एक असतो. तो ज्यांना मोटार विकतो त्यांच्याच शेजारी रविवारी उपासनेस बसतो. त्यांच्याच मुलांच्या बेसबॉल संघाच्या सदऱ्यांवर त्याच्या दुकानाचे नाव छापलेले असते. असे असूनही त्याच्या धंद्याची पत मोठी नाही. कोणत्या व्यवसायातील लोक प्रामाणिक वाटतात, असे गॅलप ही संस्था तेथील जनतेला कित्येक वर्षे विचारीत आली आहे. मोटार विकणारे त्या यादीत १९७७ पासून जवळजवळ सतत तळाशी राहिले आहेत. ज्याला गाव आपला म्हणते, त्याच्या धंद्यावर देश विश्वास ठेवीत नाही. ह्या विसंगतीतच आपला नैतिक प्रश्न दडलेला आहे.

नेब्रास्का राज्यात पिअर्स नावाचे सुमारे अठराशे वस्तीचे गाव आहे. तेथे रे लँब्रेक्ट यांनी १९४६ साली आपल्या चुलत्याबरोबर शेव्हरोले मोटारींचे दुकान उघडले आणि पुढे पत्नीच्या साथीने ते १९९६ पर्यंत चालविले. हे नाव देशभर झाले ते २०१३ च्या सप्टेंबरमध्ये, त्यांच्याकडील सुमारे पाचशे जुन्या मोटारींच्या लिलावामुळे. हजारो माणसे त्या लहानशा गावी लोटली. १९५८ सालचा एक मालवाहू ट्रक, जो दोन मैलही चाललेला नव्हता, एक लाख चाळीस हजार डॉलरांना गेला. वर्तमानपत्रांनी गंजलेल्या मोटारींची चित्रे छापली. परंतु त्या वृत्तांतांतील एक साधी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. लँब्रेक्ट पहिल्या शब्दातच आपली शेवटची किंमत सांगत. घासाघीस त्यांना मान्य नव्हती.

आम्ही त्यांना संत ठरवीत नाही. न खपलेल्या आणि बदल्यात आलेल्या मोटारी त्यांनी साठवून ठेवल्या, व त्यांतील पुष्कळ शेतात उघड्यावर गंजून गेल्या. डोंगरावरील प्रवचनात कसर आणि जंग यांविषयी प्रभूने दिलेला इशारा त्या चित्रांकडे पाहून कोणालाही आठवेल. पण एकाच किमतीची ती रीत मात्र विचार करण्याजोगी आहे.

घासाघीस हा बाजारातला निरुपद्रवी खेळ आहे, असे आपणांस वाटते. ह्या खेळात हरतो कोण, ते पाहा. कायद्याचे अभ्यासक इयान एअर्स यांनी शिकागो परिसरातील नव्वद मोटारविक्रेत्यांकडे निरनिराळी माणसे गिऱ्हाईक म्हणून पाठविली आणि १९९१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांना एकाच पद्धतीने बोलण्यास शिकविले होते. मोटार एकाच प्रकारची होती. तरीही गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी किंमत सांगण्यात आली. गोऱ्या स्त्रियांकडे त्यांच्याहून अधिक नफा मागितला गेला, कृष्णवर्णीय पुरुषांकडे दुपटीहून अधिक आणि कृष्णवर्णीय स्त्रियांकडे तिपटीहून अधिक. वस्तू एक, आणि माणसागणिक दगड वेगळा! मोशेच्या काळचा व्यापारी निदान दगड लपवीत तरी असे. येथे लपविण्यासारखे काहीच नव्हते. दोन किमती विक्रेत्याच्या मनातच होत्या, आणि कदाचित त्यालाही त्याची जाणीव नसेल. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्याला सभेत मानाची जागा देऊन दरिद्र्याला पायांशी बसविणाऱ्यांचा निषेध आहे. किमतीतही असे पंक्तिप्रपंच होतात. जो एकच किंमत सांगतो तो नुसता वेळ वाचवीत नाही. बोलक्याला आणि मुक्याला, सधनाला आणि विधवेला तो एकाच दगडाने तोलून देतो.

यावर कोणी म्हणेल, असे अन्याय दूर करण्यासाठी कायदे आहेत. ते खरेच आहेत. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांच्या प्रयत्नाने १९५८ साली अमेरिकेत असा कायदा झाला की, प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर तिची सुचविलेली किंमत, जोडलेले साहित्य आणि वाहतुकीचा खर्च लिहिलेला कागद असलाच पाहिजे. त्यापूर्वी काही विक्रेते मनास येईल तो आकडा सांगून वर मोठी सवलत दिल्याचा देखावा करीत. मोटार किती मैल चालली हे दाखविणारे यंत्र मागे फिरविणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा ठरले. पुढचे पाऊल मात्र अडखळले. जुनी मोटार विकताना तिच्यातील जे मोठे दोष विक्रेत्याला ठाऊक आहेत ते त्याने लिहून द्यावेत, असा नियम तेथील संघीय व्यापार आयोगाने १९८१ साली केला. विक्रेत्यांच्या संघटनांनी विरोध केला व १९८२ मध्ये तेथील काँग्रेसने तो नियम नाकारला. काँग्रेसचा हा नाकारण्याचा अधिकारच पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. तरीही आयोगाने १९८४ साली जो सुधारलेला नियम केला त्यातून ज्ञात दोष सांगण्याची अट वगळलेली होती. मोटारीबरोबर हमी आहे की ती ‘आहे त्या स्थितीत’ विकली जात आहे, एवढे काचेवर लिहिले म्हणजे पुरे झाले.

वाचकहो, कायदा कोठे थांबला ते लक्षात घ्या. विक्रेत्याला ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, नेमक्या त्या रेषेवर तो थांबला. त्या रेषेपलीकडे विवेकबुद्धीचा प्रांत सुरू होतो.

हा वाद फार जुना आहे. इ. स. पूर्व ४४ मध्ये सिसेरोने आपल्या पुत्रासाठी कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात तो एक प्रसंग कल्पितो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. आलेक्सांद्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन तेथे पोहोचतो. मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत, हे एकट्या त्यालाच माहीत आहे. त्याने ते सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? स्तोइक पंथातले दोन आचार्य दोन उत्तरे देतात. डायोजनिस म्हणतो, खोटे बोलू नये. पण सर्वच सांगण्याचे बंधन नाही. अँटिपेटर म्हणतो, मनुष्य मनुष्याचा बांधव आहे, तेव्हा लपविणे हाच अन्याय. सिसेरोचा कौल लपविण्याच्या विरुद्ध पडतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस त्याच प्रसंगाकडे वळतो. येणाऱ्या गलबतांची वार्ता सांगणे न्यायाने बंधनकारक नाही, परंतु सांगितल्यास सद्‌गुण अधिक मोठा, असे तो म्हणतो. वस्तूतील दोषाविषयी मात्र तो कठोर आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते उघड दिसते. किंमत त्या मानाने कमी घेतली तर न बोलता चालेल. पण ज्या छुप्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल, तो सांगितलाच पाहिजे. मोटारीच्या ब्रेकला हा नियम किती तंतोतंत लागू पडतो, हे सांगावयास नको.

यहुदी गुरूंनी तर याहून बारीक विचार केला. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये जनावर किंवा जुनी भांडी विकण्यापूर्वी ती नटवून नव्यासारखी दाखविण्यास मनाई आहे. कोठाराच्या तोंडाशी असलेले तेवढेच धान्य निवडून ठेवण्यासही मनाई आहे, कारण त्यामुळे डोळ्यांची फसवणूक होते. जुन्या मोटारीच्या ठोकलेल्या पत्र्यावर रंग चढवून ती उन्हात चमकत ठेवणारा विक्रेता त्या गुरूंनी लगेच ओळखला असता.

फसवणुकीचे नुकसान एकट्या गिऱ्हाइकाचे होते, असेही नाही. जॉर्ज अकरलॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध आहे. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः त्यातील विचारासाठी. तेथील बोलीत फसव्या, सदोष मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात. चांगली मोटार कोणती आणि लिंबू कोणते हे गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणून तो दोहोंच्या मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या मोटारीचा मालक ती विकत नाही. तो बाजारातून निघून जातो. मग बाजारात लिंबांचे प्रमाण वाढते, गिऱ्हाईक आणखी कमी किंमत देतो, आणि उरलेसुरले चांगलेही निघून जातात. म्हणजे खोटे दगड वापरणारा गिऱ्हाइकाला तर लुटतोच, पण शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराची भाकरही काढून घेतो. गावाचा एकमेकांवरील विश्वास ही सामायिक विहीर आहे; एकाने त्यात घाण टाकली तरी पाणी सर्वांचेच नासते.

येथे लहान गावाच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. तेथे सर्व सर्वांना ओळखतात. मंगळवारी विकलेली मोटार गुरुवारी रस्त्यात बंद पडली, तर रविवारी मंदिराच्या पायरीवर विक्रेत्याला जाब द्यावा लागतो. म्हणून तेथे लबाडी परवडत नाही. पण मग ह्या प्रामाणिकपणाला पुण्य म्हणावे काय? इमॅन्युएल कांट ह्या तत्त्ववेत्त्याने १७८५ साली नेमका हाच प्रश्न केला होता. त्याचा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव सांगत नाही. लहान मूल पाठविले तरी बेधडक खरेदी करावी. कांट म्हणतो, ही वागणूक कर्तव्याला धरून आहे. परंतु ती कर्तव्यापोटी आहे असे त्यावरून ठरत नाही, कारण धंद्याच्या हितासाठीही तो तसाच वागला असता.

कांटचा भेद खरा आहे. तरीही लोकांच्या नजरेमुळे जडलेल्या चांगल्या सवयीला मी तुच्छ लेखणार नाही. आपणही बालपणी खरे बोलावयास शिकलो ते आईच्या नजरेसमोरच. प्रश्न इतकाच आहे की, ती नजर दूर झाल्यावर सवय टिकते काय? लहान गावातही एक मनुष्य असा येतो की, ज्याची कोणालाच भीती नसते. तो म्हणजे परका. महामार्गावरून जाताना त्याची मोटार बिघडते, तो गावात शिरतो, मिळेल ती जुनी मोटार घेतो आणि निघून जातो. तो परत येणार नाही. त्याचे गाऱ्हाणे पिअर्ससारख्या गावात कोणाच्याही कानी पडणार नाही. त्या एका तासात विक्रेत्याच्या पिशवीत एक दगड आहे की दोन, ते कळते. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायाची रचना ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. खऱ्या तराजूची व खऱ्या वजनांची आज्ञा तेथे येते, आणि तिच्या अगदी आधीच्या वचनांत परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. अध्याय, वचने हे विभाग पुष्कळ नंतरचे. सलग वाचू लागले की परक्यावरची प्रीती आणि दुकानातला तराजू यांच्यामध्ये काहीच अंतर उरत नाही.

आता गावाच्या दुसऱ्या मापाकडे वळू. मोटारविक्रेता हा बहुधा गावातला दानशूर असतो. शाळेचा संघ, वाचनालय, अग्निशामक दल, नाताळची मिरवणूक, सर्वत्र त्याची देणगी असते. २००९ साली क्रायस्लर कंपनी दिवाळखोरीत गेली व तिने ७८९ विक्रेत्यांशी असलेले करार रद्द केले. अशा वेळी लहान गाव एका दुकानाबरोबर कामगारांची रोजी, कराचे उत्पन्न आणि एक ओळखीचा आधारही गमावते. म्हणून ह्या दानाला मी हलके मानीत नाही. पण दानाने तराजूचा हिशेब भागतो काय?

ह्याचे उत्तर जक्कयाच्या घरी मिळते. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात तो उभा राहून दोन गोष्टी बोलतो, आणि आपण घाईने वाचताना त्या दोहोंची एक करतो. अर्धे धन दरिद्र्यांना, हे एक. ज्यांच्यापासून अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत, हे दुसरे. त्याने दोन खाती वेगळी ठेवली. अर्धे धन दिले म्हणून लुबाडलेल्यांचे देणे फिटले, असे तो म्हणत नाही. दान हे ज्याचे त्याच्या खुशीचे. परतफेड ही ज्याची वस्तू त्याची. ज्या विक्रेत्याने विधवेकडून हजार डॉलर अधिक घेतले आणि त्यातले शंभर मुलांच्या संघाला दिले, त्याने दान केलेच नाही. ते शंभर डॉलर त्या विधवेचेच होते, आणि सदऱ्यावर नाव मात्र त्याचे छापले गेले. मंडळीच्या पंचांनीही ह्यावरून काही शिकावे. फलकावर देणगीदाराचे नाव कोरताना आपण त्याच्या गिऱ्हाइकांना कधी काही विचारतो काय?

आपण मोटारी विकत नाही, म्हणून हे सारे दुसऱ्यांसाठी आहे असे समजू नका. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात बाजाराचे एक मोठे मार्मिक चित्र आहे, आणि त्यातला लबाड विकणारा नव्हे, घेणारा आहे. तो मालाला नावे ठेवून भाव पाडतो आणि घरी जाऊन आपल्या चातुर्याची फुशारकी मारतो. जुनी मोटार बदल्यात देताना इंजिन तेल खाते हे न सांगणारा गिऱ्हाईकही दुसरा दगड बाळगूनच असतो. विक्रेत्याकडून दोष सांगण्याची अपेक्षा करणाऱ्याने आपल्या वाट्याचा दोषही सांगावा.

आपल्या देशातही हा प्रश्न दाराशी आला आहे. जुन्या वाहनांची खरेदी-विक्री आता मोठा व्यवसाय झाली आहे. मीटर मागे फिरविण्याची विद्या येथेही अपरिचित नाही. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांनी नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे, अशी तरतूद १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. ती इष्टच आहे. पण ती कोठवर पोहोचेल, ह्याचे उत्तर अमेरिकेच्या अनुभवात आहे. शिवाय आज पुष्कळ वाहने संगणकावरची चित्रे पाहून घेतली जातात. घेणारा नागपूरचा, देणारा इंदूरचा. दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. आपण सारेच एकमेकांना परके झालो आहोत.

आपल्यापैकी कित्येक जण पोटासाठी गाव सोडून बडोदे, भोपाळ, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी स्थायिक झाले. तेथे मंदिराच्या पायरीवर जाब विचारणारे कोणी नाही. आपल्या आजोबांचे नाव तेथे कोणाला ठाऊक नाही. देवाचे भय ह्या जुन्या शब्दांचा अर्थ अशा ठिकाणी नव्याने कळतो. जेथे कोणी ओळखत नाही तेथेही ओळखीच्या गावात असल्यासारखे वागणे, हा त्या भयाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ होय. त्याच्या नजरेत पिअर्सही लहान गाव आहे आणि मुंबईही.

तेव्हा प्रिय वाचक, ह्या आठवड्यात आपण काहीतरी विकाल वा विकत घ्याल. स्कूटर असेल, शिवणयंत्र असेल, घरभाड्याचा करार असेल, किंवा आपल्या श्रमाचे तास असतील. समोरच्याला ठाऊक नाही आणि आपणांस ठाऊक आहे, असे त्यात काहीतरी निश्चित असेल. ते त्याला पैसे देण्यापूर्वी सांगावे. त्यामुळे चार पैसे कमी मिळतील. पण पिशवीत एकच दगड उरेल, आणि तो पुरा असेल.